अक्काची पाहुणी

कंपनीतला कुत्र्यांचा विभाग बंद होऊन बरेच दिवस झाले, तरी अक्का रोज सकाळी डबा भरून बसथांब्यावर जाऊन उभी राहायची. कंपनीची बस आता तिच्यासाठी थांबत नव्हती. दुसऱ्या विभागांची माणसं घेऊन ती समोरून निघून जायची. ड्रायव्हर ओळखीचा, सुरुवातीला त्यानं हात केला, मग मान दुसरीकडं वळवायला लागला. बस गेल्यावरही अक्का तशीच उभी. शेवटी तिचा धाकटा भाऊ सलूनचं शटर अर्धवट ओढून, टॉवेल खांद्यावर तसाच, तिला न्यायला यायचा.

"अक्का, चल. चहा गार होतोय."

"मी काय चहासाठी उभी नाही इथं," ती म्हणायची, आणि चालू लागायची.

अक्का हे तिचं खरं नाव नव्हे. धाकट्यानं बोबड्या बोलात दिलेलं. ते घरातून गल्लीत गेलं, गल्लीतून कंपनीत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. ती भावाकडं परत आली आणि सलूनच्या वरच्या खोलीत राहू लागली. भाऊ-भावजय खाली, सलूनच्या मागं. कुणीतरी तिला त्या औषधांच्या कंपनीत चिकटवून दिलं. नवं औषध माणसांना देण्याआधी कुत्र्यांना देऊन बघायचे, तो विभाग. काम म्हणजे पिंजरे धुवायचे, खाणं घालायचं, वजनं करायची आणि धरायचं. धरायचं म्हणजे डॉक्टर सुई टोचत असताना कुत्र्याला हलू द्यायचं नाही. एक हात मानेखालून, दुसऱ्या हातानं त्याचा पुढचा पाय सरळ पुढं. अक्काच्या हातात काय होतं कोण जाणे, तिनं धरलं की कुत्रं दगड व्हायचं. "अक्कांना बोलवा," डॉक्टर म्हणायचे. खोटं कशाला बोला, अक्काला त्याचा अभिमान वाटायचा. ती कधी कुत्र्यांवर ओरडली नाही, कधी चापट मारली नाही. पटकन उरकलं की मुक्या जीवाला त्रास कमी, असं ती धरून चालली होती, आणि ते काही चूकही नव्हतं. पण आता वरच्या खोलीत रिकामी बसली, की तिचं तिलाच ते पटेना.

मग हात धुण्याचं वेड लागलं. दिवसभर मोरीत पाणी वाजायचं.

"वन्सं, साबण खाता की काय?" भावजय विचारायची. भावजय तोंडाची फटकळ. तिच्या जिभेला हाड नाही असं धाकटा म्हणायचा, पण तिच्यापासून लांब उभा राहून. अक्का हसली नाही की ती मनातून घाबरायची. एका दुपारी ती कपडे वाळत घालायला गच्चीत गेली, तर अक्का कठड्याला टेकून अगदी कडेला उभी. हातात कपडे नाहीत, काही नाही. नुसती खाली बघत होती. भावजयीनं बोंब मारली नाही, काही विचारलं नाही. बादली खाली ठेवली, अक्काचा दंड धरला आणि म्हणाली, "चला, मला लसूण सोलून द्या." त्या दिवशी तिनं घरात होता नव्हता तेवढा सगळा लसूण अक्काकडून सोलून घेतला. स्वतः समोर बसून राहिली.

"ती कुत्री गेली कुठं हो सगळी?" मध्येच तिनं विचारलं.

"एका संस्थेला दिली. मीच उचलून ठेवली गाडीत."

"मग एकदा जाऊन बघून तरी या. बरी आहेत का."

अक्का लसणाच्या पाकळीकडं बघत राहिली. आपण तिथं जायचं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

संस्था म्हणजे गावाबाहेरचं एक जुनं गोदाम. ती चालवणारी बाई पूर्वी शाळेत शिकवायची, त्यामुळं सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. अक्का पोचली तेव्हा ती पायरीवर बसून चहा पीत होती आणि एकीकडं खोकणाऱ्या कुत्र्याची पाठ चोळत होती. आत जागा नव्हती. व्हरांड्यात कुत्री, ऑफिसच्या टेबलाखाली कुत्री.

"घर मिळेपर्यंत सांभाळायला माणसं हवीत, असं ऐकलं," अक्का म्हणाली.

"हवीत. पण कायमचं नाही हं. लळा लागला म्हणून रडायचं नाही. कुणी चांगलं घर आलं की द्यायचं. कुत्र्यांची सवय आहे?"

"आहे. ही कंपनीतून आलेली आहेत ना, हीच सांभाळत होते."

मास्तरणीनं कप खाली ठेवला. "तिथं होतात तुम्ही?"

"हो. धरायला."

"मग आता कशाला आलात?" तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "धरायचं राहिलंय का एखादं?"

 अक्का उभ्या उभ्या पदराचं टोक पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही हो."

 आतून पुन्हा खोकल्याचा आवाज आला, त्याच्यामागून दुसरा, तिसरा. "डोईजड झालंय सगळं मला," मास्तरीण उठत म्हणाली. "खोकल्याची साथ आहे. जेवढी बाहेर जातील तेवढी वाचतील. चला. नाही जमलं तर परत आणा, पण रस्त्यावर सोडू नका."

जाळीपाशी अक्काला पाहताच काही कुत्री शेपट्या हलवत धावत आली. कुत्र्याची जातच तशी, मनात काही ठेवत नाही. पण मागच्या कोपऱ्यात लांब कानांची एक कुत्री भिंतीला चिकटून बसली होती. ती उठली. हळूहळू चालत जाळीपाशी आली, अक्कासमोर बसली, पुढचा उजवा पाय उचलून सरळ पुढं केला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"अगं बाई!" मास्तरीण म्हणाली. "ही तर कुणाच्या जवळसुद्धा येत नाही. ओळखलं वाटतं तुम्हाला."

"हो," अक्का म्हणाली. "ओळखलं."

"मग हिलाच न्या."

नको म्हणायला अक्काचं तोंड उघडलं होतं. पण नको म्हटलं, तर का नको तेही सांगावं लागलं असतं. ती कुत्री घेऊन घरी आली.

त्या जीवानं जन्मापासून पिंजरा आणि फरशी यांच्यापलीकडं काही पाहिलं नव्हतं. जिना म्हणजे काय, ते तिला कळेना. पहिल्या पायरीपाशी थरथरत उभी राहिली, तेव्हा धाकट्यानं उचलून वर नेली. वाऱ्यानं पिशवी उडाली तरी ती खाटेखाली. सलूनमध्ये एकदा चुकून शिरली, तर चारी आरशांत कुत्रीच कुत्री बघून तिची अशी पाचावर धारण बसली, की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून तिला पाणी द्यायला लागलं. अक्कानं नाव काही ठेवलं नव्हतं. कंपनीत तिच्या कानात नुसता गोंदलेला नंबर होता. भावजयीनं तिला पाहुणी म्हणायला सुरुवात केली, कारण कायमची नाही असं ठरलंच होतं. तेच रुळलं.

दुसऱ्या दिवशी अक्का खाण्याचं भांडं घेऊन खालच्या स्वयंपाकघरात आली. पाहुणी लगेच उठली, समोर येऊन बसली आणि पाय पुढं केला.

"वन्सं, बघा बघा!" भावजय हरखून ओरडली. "शेकहँड करतेय! कुणी शिकवलं गं तुला? अहो घ्या की तिचा हात, ताटकळलीय बिचारी!"

अक्कानं भांडं खाली ठेवलं आणि वर निघून गेली. जेवायलासुद्धा खाली आली नाही, तेव्हा भावजय ताट घेऊन वर गेली. "काय झालं? काही चुकलं का माझं?"

"तो शेकहँड नाही," अक्का म्हणाली. "सुईसाठी पाय देते ती. मी आले म्हणजे सुई आली. ओढावा लागू नये म्हणून आधीच देते." ती आपल्या हातांकडं बघत होती. "मीच शिकवलं."

भावजय ताट हातात घेऊन तशीच खाली बसली. 

पुढं सगळं उलटंच होत गेलं. पाहुणी हळूहळू माणसाळली, पण अक्का सोडून. भावजयीच्या मागं मागं स्वयंपाकघरात जायची. धाकट्याच्या पायावर हनुवटी टेकून झोपायची. त्याच्या कात्रीचा आवाज आला तरी आता दचकत नसे. आणि अक्का खोलीत आली, की शेपूट पोटाखाली, पाय पुढं, तोंड भिंतीकडं. अक्कानं साबण बदलला. कंपनीतले कपडे बोहारणीला देऊन टाकले. भावजयीची साडी नेसली, तिच्यासारखं तोंडानं बडबडून पाहिलं. पाठमोरी बसली, हात मांडीखाली दाबून. काही केल्या काही नाही. जिचं खाणंपिणं आपण करतो, हगणंमुतणं आपण काढतो, तिला आपलीच सावली नको. एकदा जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "हे हात तोडून टाकावेसे वाटतात मला."

"आणि भांडी कोण घासणार?" भावजय म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते.

"परत देऊन येऊ का तिला?" धाकट्यानं हळूच विचारलं. "तुझ्या जिवाला त्रास, तिच्या जिवाला त्रास."

अक्काही मनाशी तेच म्हणत होती. पण मास्तरणीच्या गोदामातला तो खोकला तिच्या कानातून जात नव्हता. परत दिली तर मरेल. ठेवली तर रोज आपल्याला बघून अशी आतल्या आत मरेल. इकडं आड तिकडं विहीर. आणि ती परत गेली, की आपण पुन्हा बसथांब्यावर. 

अशात पाहुणीचा कान चिघळला. मास्तरणीनं ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तरुण डॉक्टरीण, चांगली, हसरी. कान बघून ती म्हणाली, "एक इंजेक्शन देऊ. मावशी, जरा धरता?"

टेबलावर पाहुणी आधीच पाय पुढं करून बसली होती. अक्काचे हात आपसूक उठले, मानेखालून एक, पायाला एक, आणि मध्येच थांबले. ती भिंतीपर्यंत मागं सरकली. "मी नाही धरणार."

"अहो, एक सेकंदाचं काम आहे."

"मी नाही धरणार हो! दुसऱ्या कुणाला तरी बोलवा!"

डॉक्टरणीनं मदतनिसाला हाक मारली. त्यानं भलतीकडंच पकडलं. पाहुणी अनोळखी पकडीत पिळवटली, टेबलावरून घसरली, आणि नेमकं तेव्हाच मांजराची टोपली घेऊन एक माणूस दार उघडून आत आला. त्याच्या पायांमधून पाहुणी बाहेर पडली आणि रस्त्यावर दिसेनाशी झाली.

अक्का तिच्या मागं धावली. किती वर्षांनी धावली असेल, देव जाणे. "पाहुणीऽ! पाहुणे गंऽ!" ट्रक, रिक्षा, हॉर्न. एका दुकानदारानं विचारलं, "कुणाकडची पाहुणी, बाई? हरवली का? वय काय?" त्याला सांगत बसायला तिला श्वास नव्हता. धरलं असतं तर गेली नसती, हेच एक तिच्या डोक्यात घण घालत होतं. जन्मभर धरलं, आणि जिथं धरायला हवं होतं तिथं हात मागं घेतले. करायला गेलं एक, झालं भलतंच. प्रत्येक गाडीच्या चाकाखाली तिला ते लांब कान दिसत होते. चप्पल तुटली, ती तिनं तिथंच टाकली. चार गल्ल्या, मग मोठा रस्ता, मग लाकडाच्या वखारी. कुणी म्हणे इकडं गेली, कुणी म्हणे तिकडं. एका वळणावर ती फूटपाथवरच बसली आणि ठरवलं, आता उठायचं नाही. घरी जायचं नाही. कुठंच जायचं नाही. लोक वळसा घालून जात होते.

तिला उठवलं ते वखारीतल्या एका हमालानं. "बाई, लांब कानांचं कुत्रं शोधताय का? त्या मोरीत शिरलंय बघा."

रस्त्याखालून सांडपाण्याचा एक सिमेंटचा नळ जात होता. पलीकडचं तोंड गाळानं बुजलेलं. अक्का पालथी झोपून आत बघू लागली. हात पोचेल एवढ्या अंतरावर पाहुणी पाण्यात बसली होती, अंग आक्रसून. अक्कानं हात आत घातला. पट्टा बोटांना लागलासुद्धा.

आणि पाहुणी गुरगुरली.

अक्काचा हात जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं त्या खोलीत काढली, इतकी कुत्री हाताखालून गेली, पण एकही कुत्रं कधी तिच्यावर गुरगुरलं नव्हतं. एकानंही नाही. तिला वाटायचं, आपल्या हाताचा गुण. पाहुणीनं या वेळी पाय पुढं केला नव्हता. चारी पाय पोटाशी घट्ट दाबून, दात दाखवून, ती थेट अक्काच्या डोळ्यांत बघत होती.

"नको म्हणतेस?" अक्का पुटपुटली. तिला रडू फुटलं. "बरं. नको तर नको."

तिनं हात बाहेर काढला. पण जागची हलली नाही. हलली असती तर पाहुणी सरळ ट्रकखाली गेली असती. नळाच्या तोंडाशी ती आडवी पडून राहिली, पाठ पाहुणीकडं करून. घाण पाणी तिच्या साडीत झिरपत होतं. हमालाला तिनं सलूनचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, "तिथं माझी भावजय आहे, तिला बोलवा. मी बोलावलंय म्हणावं, आणि पाहुणी तिच्याशिवाय यायची नाही म्हणावं."

भावजय रिक्षातून उतरली तेव्हा पीठ तिच्या कोपरापर्यंत होतं. नणंदेला गटारात आडवी बघून तिनं कपाळावर हात मारला, त्यामुळं पीठ कपाळालाही लागलं. "अहो वन्सं! हे काय मांडलंय!" तिचा आवाज ऐकताच नळातलं पाणी खळबळलं. अक्का बाजूला सरकली. पाहुणी सरपटत बाहेर आली, अक्काला वळसा घातला, आणि थेट भावजयीच्या पिठाच्या हातांत शिरली.

रिक्षात भावजयीच्या मांडीवर पाहुणी, आणि दुसऱ्या टोकाला अंग चोरून अक्का. "वन्सं, मनाला लावून घेऊ नका हो," भावजय म्हणाली. "मुकं जनावर ते. त्याला काय कळतं."

"कळतं," अक्का म्हणाली. "गुरगुरली माझ्यावर. तू ऐकायला हवं होतंस."

भावजयीनं चमकून तिच्याकडं बघितलं. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं तिला वाटलं असणार. पण अक्का नाक पुसत बाहेर बघत होती, आणि तिचे हात मांडीवर पडले होते, एकमेकांना न चोळता.

त्यानंतर घरात रोज तेच चाललं. अक्का जवळ आली की पाहुणी गुरगुरायची, आणि अक्का तिथल्या तिथं थांबून एक पाऊल मागं जायची. दर वेळी. घाई असो, हातात गरम पातेलं असो. धाकटा वैतागला. "अगं, हे काय भलतंच शिकवतेयस तिला! उद्या डोक्यावर बसेल."

"बसू दे. तिनं नको म्हटलं की कुणीतरी थांबतं, एवढं कळू दे तिला. ते तुमच्याकडून कळणार नाही. तुम्ही तिला काही केलेलंच नाही."

हे शिकवायला अक्काच लागत होती, दुसरं कुणी चाललं नसतं. ही गोष्ट गोड नव्हती. कित्येक दिवस सकाळी उठून त्या गुरगुरण्यासमोर जायचं तिच्या जिवावर यायचं. खोलीचं दार लावून बसावंसं वाटायचं. पण खाली भांडं भरायचं असायचं, आणि ते तिचं काम होतं. बसथांब्यावर जायला वेळ उरत नसे.

हळूहळू गुरगुरणं बारीक झालं. मग नुसती मान वर करून बघणं उरलं. पुढच्या वेळी कानाचं औषध डॉक्टरणीनं गोळ्यांतून दिलं, आणि भावजयीनं पावात लपवून भरवलं. एका दुपारी अक्का जमिनीवर बसून उशांचे अभ्रे शिवत होती, तेव्हा पाहुणी आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आडवी झाली. अंगाला लागली नाही, वास घेतला नाही. नुसती झोपली. अक्का संध्याकाळपर्यंत हलली नाही. पाय बधिर झाले, अभ्रा शिवून झाला तरी ती सुई नुसतीच वर-खाली करत राहिली.

तेवढंच. त्याच्या पुढं त्या दोघींची सोयरीक गेली नाही.

मास्तरणीनं घर शोधलं ते एका शिंपिणीचं. एकटी बाई, शांत, घराला मागं अंगण. ती बघायला आली, आल्या आल्या जमिनीवर बसली आणि कुणाकडं न बघता गप्प राहिली. पाहुणीनं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तिच्या साडीवर डोकं टेकलं. शेपूट जमिनीवर आपटत होतं. अक्का दारात उभी राहून ते बघत होती. आपल्यासाठी ते शेपूट एकदाही हललं नाही, हे तिच्या काळजात रुतलंच. माणूस आहे, दगड नाही.

जाताना भावजय हमसून हमसून रडली, धाकट्यानं सलून बंद ठेवलं. पाहुणी रिक्षात चढली आणि तिनं मागं वळून बघितलं नाही.

"दुष्ट आहे मेली," भावजय पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"नाही गं," अक्का म्हणाली. वर जाऊन तिनं रिकामं भांडं घासलं, पालथं घातलं, आणि खाटेवर बसली. खोली खायला उठली होती. गच्चीचा तो कठडा आणि ते खाली बघणं तिला आठवलं. ते कुठं गेलेलं नव्हतं, तिथंच होतं. थोड्या वेळानं तिनं भांडं पुन्हा सरळ केलं, चपला घातल्या आणि संस्थेची वाट धरली.

मास्तरीण या वेळी उठून उभी राहिली. "चहा घेता?"

"घेईन. कुणाचेच हात नको असलेलं एखादं आहे का?"

मास्तरणीनं कपात चहा ओतला. "आहे एक. तुमच्याच तिथला, म्हातारा. दोघांना चावलाय. मी कुणाला देतच नाही तो."

संध्याकाळी धाकटा पिंजऱ्याची एक बाजू धरायला आला. दोघं बहीणभाऊ मध्ये पिंजरा घेऊन रस्त्यानं निघाले. आतून अखंड गुरगुर चालली होती, आणि समोरून येणारे लोक आपोआप बाजूला होत होते.

"अक्का, हा चावतो म्हणतात."

"चावतो," अक्का म्हणाली. "बोटं आत घालू नकोस. आणि जरा हळू चाल, त्याला धक्के बसतायत."